क्रोशाचं किट घेतलंय, आता पुढं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी दुपारची जेवणं आवरली की पुढच्या सोप्यात चार-पाच जणी क्रोशा घेऊन बसतात. पूर्वी येणारी प्रत्येक जण आईची नाहीतर सासूची एखादी सुई आणि स्वेटरची उरलेली लोकर आणायची. आता चेनचा पाऊच येतो. आत रंगीत सुयांची रांग, वीस छोटे गुंडे, प्लास्टिकच्या पिना आणि इंग्रजी पुस्तिका. पाऊच उघडला की प्रश्न मात्र तेच तेच. तोंडानं सांगून कंटाळले, म्हणून हे लिहून ठेवतेय.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली बऱ्याच ठिकाणी पुन्हा भेटेल. पहिले पंधरा दिवस एक सुई, एक फिकट गुंडा आणि मोजणी एवढ्यावर काढा. बाकीचा पाऊच कपाटात राहू दे.

किट घेऊ की सुटं सामान आणू?

बेळगावात राहत असाल तर सुटं आणा. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागात एक चक्कर मारलीत की मॅचिंग सेंटरमध्ये किंवा कटलरीच्या दुकानात काम होतं. ४ मिमीची एक सुई, ८ प्लायचा एक गुंडा (प्लाय म्हणजे काय ते खाली सांगितलंय) आणि मोठ्या नेढ्याची बोथट टोकाची सुई, एवढंच मागा. किटच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं आणि लोकर बोटात धरून बघता येते, हा फायदा वेगळाच.

खानापूर, चिकोडी, अथणीकडच्यांनी एका सुईसाठी बस धरून यायचं म्हणजे दिवस मोडतो. त्यांनी किट घरपोच मागवावं, पण मागवण्याआधी फोटो मोठा करून बघावा. सुयांवर मिमीचा आकडा छापलाय का? एखादा तरी गुंडा ५० ग्रॅमचा आहे का? पाच-दहा ग्रॅमचे वीस गुंडे दिसायला छान दिसतात, पण एकाच रंगात हातभर विणायचं म्हटलं की मध्येच संपतात.

कुणी भेट दिलं असेल तर प्रश्नच मिटला. तेच वापरा.

चौदा सुया आहेत. सुरुवात कुठल्या सुईनं करू?

४ किंवा ४.५ मिमी. बाकीच्या चेनमध्ये बंद.

आकडा म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी. टाक्याचा फास त्या दांड्यावर बसतो, त्यामुळं दांडा जाड तर टाका मोठा. पाऊचमध्ये पोलादी, दाभणासारख्या बारीक सुया असतात, १ मिमीच्या आसपासच्या. त्या दोऱ्याच्या कामासाठी, म्हणजे रुमालाची लेस, पाण्याच्या तांब्यावरची मण्यांची जाळी यासाठी. नवशिक्यानं त्या उचलल्या तर आठवडाभरात क्रोशा सुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आकडा पुसला गेला असेल तर घाबरू नका. आपल्याकडं घरात नाहीतर शेजारात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणारं कुणी ना कुणी असतंच. त्याच्याकडं सुई द्या, व्हर्नियरनं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनानं, दांडा मोजून आणेल. टोकाजवळचा गळा मोजू नको, दांडा मोज, एवढं बजावून सांगा.

किटमधली लोकर चांगली की दुसरी आणू?

रंग बघा. काळा, गडद निळा, चॉकलेटी असेल तर शिकण्यासाठी तो गुंडा नकोच. टाका कुठं घालायचा ते दिसायला हवं, आणि काळ्या लोकरीत आमच्यासारख्या तीस वर्षं विणणाऱ्यांनाही ते संध्याकाळी दिसत नाही. पिवळा, फिकट गुलाबी, मोरपंखीची फिकट छटा, असलं काहीतरी घ्या. केसाळ, चमचमती, मध्येच रंग बदलणारी लोकर नको.

मग पोत. किटमध्ये बरेचदा मिल्क कॉटन नावाची लोकर येते. दूध त्यात नसतं, बहुधा सूत आणि ॲक्रिलिकचं मिश्रण असतं. हाताला मऊ लागते, पण पिळ सैल असल्यानं पेड सुटतात. सुईच्या टोकाच्या हुकात अर्धेच पेड अडकतात, अर्धे मागं राहतात. ओळ उसवावी लागली की कारण बहुतेक वेळा हेच. साधी ॲक्रिलिक लोकर शिकायला सगळ्यात सोयीची. स्वस्त मिळते, थोडी ताणते, दहा वेळा उसवली तरी टिकते.

प्लाय म्हणजे किती पेड एकत्र पिळलेत ते. पण पेडच बारीक असला तर ८ प्लायही बारीकच निघते. म्हणून गुंड्याच्या कागदी पट्टीवर सुईचा आकडा छापलेला असतो, त्यावर भरवसा ठेवा.

एक सूचना मात्र विसरू नका. गरम भांडं धरायचं किंवा भांड्याखाली ठेवायचं काहीही ॲक्रिलिकचं विणू नका. ते वितळतं. इस्त्रीही त्यावर ठेवायची नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू सुती दोऱ्याच्याच.

पुस्तिकेत एस सी, डी सी लिहिलंय. सासूबाई वेगळंच सांगतात. कुणाचं खरं?

दोघांचंही. हा घोळ नीट समजून घ्या, कारण निम्मी मंडळी इथंच अडकतात.

आपल्याकडचे शब्द आधी. साखळी सगळ्यांना माहीत आहे. मुका खांब म्हणजे खांबांमधला सगळ्यात बुटका टाका. टाक्यात सुई घालायची, धागा ओढून आणायचा, सुईवर दोन फास होतात, पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून ओढायचा. अर्ध्या खांबाला सुई घालण्याआधीच धाग्याचा एक वेढा घ्यायचा. धागा ओढून आणला की तीन फास होतात, तिन्हीतून एकदम ओढून मोकळं व्हायचं. खांबालाही सुरुवात तीच, तीन फास, पण ओढायचं दोनातून आणि मग पुन्हा दोनातून. दुहेरी खांबाला आधी दोन वेढे आणि मग तीनदा दोन-दोनातून. वेढे किंवा ओढायच्या पायऱ्या वाढल्या की टाका उंच होतो.

आता इंग्रजी. अमेरिकेत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि खांबाला डबल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. म्हणजे डी सी असं लिहिलेलं असलं तर तो खांबही असू शकतो आणि मुका खांबही. आपल्या आधीच्या पिढीतल्या बऱ्याच जणी शाळेत शिवणाच्या तासाला ब्रिटिश शब्द शिकल्या. आजची किटं आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकन. त्यामुळं सासू-सुनेत वाद होतो आणि दोघीही बरोबर असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तिकेत कुठंही सिंगल क्रोशे किंवा एस सी दिसलं की ती अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत हा शब्दच नाही.

इंग्रजी अजिबात येत नाही. तरी जमेल का?

का नाही जमणार? आमच्या आज्जीला सही करता येत नव्हती आणि तिनं दोन पोरींच्या रुखवताचे रुमाल एकटीनं विणले. नमुना समोर ठेवायची, उलटून-पालटून टाके मोजायची आणि विणायची. वाचायचं ते टाके.

तुम्हाला एक सोय तिच्यापेक्षा जास्त आहे, ती म्हणजे चिन्हांचा तक्ता. लांबट अंडाकृती म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, डोक्यावर आडवी रेघ असलेला दांडा म्हणजे अर्धा खांब. त्याच दांड्यावर एक तिरकी रेघ आली की खांब, दोन आल्या की दुहेरी खांब. ठिपका म्हणजे जोडटाका, फेरीची टोकं जोडायला घालतात तो. जपानी पुस्तकातला तक्ताही याच चिन्हांनी वाचता येतो. किटमध्ये तक्ता असेल तर इंग्रजी ओळी झाकून ठेवा आणि तो बघून विणा.

शेजारीण कन्नड बोलते. तिला कसं शिकवू?

आपल्या भागात हा प्रश्न येणारच. खरं तर क्रोशा शिकवायला फारसं बोलावं लागत नाही, शेजारी बसून हात दाखवला की पुरतं. तरी शब्द जवळचेच आहेत. खांबाला कन्नडात कंब म्हणतात, साखळीला सरपळी, सुईला सूजी, गाठीला गंटु. फसवतो तो एकच शब्द. कन्नडात दार म्हणजे दोरा. माझ्याकडं येणारी एक जण पहिल्या दिवशी ‘दार कुठंय’ म्हणाली आणि मी तिला दरवाजा दाखवला. बिचारीला वाटलं, घालवून देतेय.

आणखी एक गंमत. शहापूर-वडगावात विणकाम शिकते म्हटलं की लोकांना माग आठवतो. इथं गल्लीगल्लीत साड्यांचे माग चालत आलेत. तेव्हा ‘क्रोशाचं’ हे आधी लावूनच सांगा.

सुई कशी धरायची? मी डावखुरी आहे.

पेन धरतो तशी किंवा भाजी चिरायची सुरी धरतो तशी. दोन्ही चालतात, अमुकच बरोबर असं काही नाही. किटच्या पुस्तिकेत एकच चित्र असतं म्हणून मनगट वाकडं करून घेऊ नका.

सुईपेक्षा दुसऱ्या हाताकडं लक्ष द्या. धागा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यायला हवा. ताण त्या करंगळीत असतो. ते जमलं नाही तर टाके एक सैल, एक घट्ट असेच येणार.

डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं. सुई डाव्या हातात, धागा उजव्या हातात आणि ओळ डावीकडून उजवीकडं. टाक्यांची संख्या, तक्ता काहीच बदलत नाही. शिकवणारी उजव्या हाताची असेल तर तिच्या शेजारी न बसता समोर बसा, ती आपोआप आरसा होते. पोरीचा डावा हात बांधून उजव्यानं शिकवायचे दिवस गेले.

साखळी इतकी घट्ट होते की सुईच आत जात नाही.

सगळ्यांची होते. भीतीनं आपण धागा आवळतो, आणि फास सुईच्या दांड्यावर न बसता टोकाजवळच्या अरुंद गळ्यावर बसतो. टाका पुरा झाला की फास दांड्यापर्यंत सरकू द्या, मगच पुढचा धागा घ्या. तरीही आवळतच असेल तर फक्त साखळीपुरती ५ मिमीची सुई घ्या आणि पहिल्या ओळीला परत ४ मिमीवर या. इतक्या सुयांचा तेवढाच उपयोग.

पहिले दोन दिवस नुसती साखळी घाला. वेणीसारखी, एकसारख्या पेडांची दिसायला लागली की पुढं जा. हातभर साखळी घालायची, उसवायची, पुन्हा घालायची. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. टीव्हीवर मालिका लावून बसा.

चौकोन विणायला घेतला, त्रिकोण होतोय!

माझा पहिला चौकोन २० टाक्यांनी सुरू झाला आणि ११ वर संपला. आज्जीनं तो उचलून बघितला आणि म्हणाली, “खणाची घडी झाली की गं.” ओटीत घालायचा खण आपण त्रिकोणी घडी करून ठेवतो, हुबेहूब तसाच दिसत होता.

कारण एकच, टाके गळतात. ते गळतात फक्त ओळीच्या दोन टोकांना, मध्ये नाही. म्हणून दोन्ही टोकांचा हिशोब पक्का करा.

मुक्या खांबाची ओळ असेल आणि २० टाके हवे असतील तर २१ साखळ्या घाला. पहिला टाका सुईपासून दुसऱ्या साखळीत. ओळ संपली की १ साखळी घालून काम उलटा. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही, नुसती उंची चढण्यापुरती. पुढच्या ओळीचा पहिला टाका अगदी पहिल्या टाक्यातच जातो. तो सोडून दुसऱ्यात घातला की एक टाका गेला.

खांबाची ओळ वेगळी. २० खांबांसाठी २२ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सोडलेल्या ३ साखळ्या मिळून एक खांब धरायचा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ३ साखळ्या घालायच्या, त्याही एक खांब. इथं नेमकं उलटं होतं. सुरुवातीचा टाका सोडायचा असतो, आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालायचा असतो. तोच विसरतो. कारण साखळ्यांचं डोकं टाक्यासारखं दिसत नाही.

उपाय किटमध्येच आहे, त्या रंगीत प्लास्टिकच्या पिना. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकेक अडकवा आणि दर ओळीला वर सरकवा. पिना हरवल्या तर सेफ्टी पिन. ओळ संपली की मोजा, तोंडानं, मोठ्यानं. २० नाही भरले तर तिथंच थांबा. पुढं गेलात तर दहा ओळी उसवाव्या लागतात.

गोल रुमाल वाटीसारखा वर उचलला जातो.

टाके कमी पडतायत. उलट कडेला झालर पडत असेल तर जास्त झालेत. गोलात फक्त हे दोनच आजार.

नियम असा की पहिल्या फेरीत जितके टाके, तितकेच दर फेरीत वाढवायचे. मुका खांब असेल तर पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४. खांब उंच असतो, घेर भरभर वाढतो, म्हणून तिथं १२, २४, ३६. वाढवायचं म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, तिसऱ्या फेरीत एक सोडून एकात दोन, चौथ्या फेरीत दोन सोडून एकात दोन. वाढ दर फेरीला एकाच जागी आली तर गोलाचा षटकोन दिसायला लागतो, म्हणून ती थोडी मागं-पुढं सरकवा.

आणि वाटीच हवी असेल, म्हणजे बाळाचं टोपडं विणायचं असेल, तर वाढ थांबवली की झालं.

मॅजिक रिंग, म्हणजे गोलाच्या सुरुवातीचं ओढून बंद करायचं कडं, काही केल्या जमत नाही.

सोडून द्या. २ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घाला. भोक जवळजवळ दिसत नाही. जुन्या पद्धतीत ५-६ साखळ्यांचं कडं करून त्यात खांब भरायचे. घरात जुना क्रोशाचा रुमाल असेल तर काढून बघा, मध्ये भोक असेल. कुणाचं काही अडलं नाही.

पहिली वस्तू काय करू?

स्वेटर नको, सोफ्याचं कव्हर नको.

सुती दोऱ्याचा, २० मुक्या खांबांचा चौकोन करा. ८ प्लाय जाडीचा दोरा आणि ४ मिमीची सुई असली तर रुंदी ११-१२ सेंमी येते आणि २२-२४ ओळींत चौकोन पुरा होतो. चहाच्या कपाखाली ठेवा. दोन एकावर एक ठेवून कडेनं शिवले तर भांडं धरायला होतात. दुसरी वस्तू ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधल्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट आणि गटांमध्ये कोपऱ्यासाठी २ साखळ्या. खांबावर हात बसवायला याच्याइतकं दुसरं काही चांगलं नाही.

तिसरी वस्तू मात्र मनासारखी निवडा. माझ्याकडच्या बहुतेक जणी गणपतीसाठी तोरण घेतात. हातात छोटी फुलं तयार ठेवायची आणि एका लांब साखळीवर ओवत जायची. नागपंचमीला सुरू केलं तर जवळजवळ महिना मिळतो. रोज दोन फुलं झाली तरी मखराला पुरून उरतं.

मी खेळण्याचं किट घेतलंय, ससा विणायचं. तेच आधी केलं तर?

घाई करताय. अशा खेळण्यांना अमिगुरुमी म्हणतात, शब्द जपानी आहे. त्यात मुका खांब सलग गोल फिरत जातो, फेरी जोडायची नसते. त्यामुळं फेरी कुठं सुरू झाली ते खुणेच्या पिनेशिवाय कळत नाही. टाकाही मुद्दाम बारीक सुईनं घट्ट विणायचा असतो, नाहीतर आतला कापूस बाहेर डोकावतो. आधी सैल हात बसू दे, मग घट्ट करता येतो. उलटं जमत नाही.

काही किटांत पहिल्या दोन-तीन फेऱ्या विणून दिलेल्या असतात. ते किट असेल तर जरूर घ्या. सुरुवातच अवघड असते, ती त्यांनी करून दिलेली असते.

खेळणं तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी असेल तर किटमधले प्लास्टिकचे डोळे लावू नका. निघाले तर तोंडात जातात. काळ्या दोऱ्यानं डोळे भरा, गोड दिसतात.

किती दिवसांत येतं?

रोज अर्धा तास बसलात तर पंधरा दिवसांत सरळ कडेचा चौकोन येतो. रविवारी चार तास आणि बाकी सहा दिवस शून्य, असं केलंत तर दोन महिने.

व्हिडिओ बघून शिकता येतं का?

येतं. पण वेग निम्मा करा आणि एका वेळी एकाच बाईचे व्हिडिओ बघा. प्रत्येकीची धागा धरायची तऱ्हा वेगळी, तिघींचं बघितलंत तर तीन सवयी लागतात. अडलात की फोन ठेवा आणि गल्लीतल्या एखाद्या काकूंकडं जा. चूक कुठं झाली ते व्हिडिओला दिसत नाही, काकूंना चष्म्याशिवायही दिसतं.

बोटं आणि मान दुखते.

बहुतेक वेळा घट्ट विणण्यानं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुई ठेवा, मुठी उघडा-मिटा, मान फिरवा. काम मांडीवर ठेवून वाकून बघू नका. मांडीवर उशी घ्या म्हणजे काम वर येतं. अंगठ्याला किंवा मनगटाला मुंग्या येत असतील तर काही दिवस पूर्ण बंद ठेवा आणि तरी थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात सामान कसं ठेवायचं?

बेळगाव-खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, कपाटातल्या साड्यांनाही वास येतो. पोलादी सुया गंजतात, ॲल्युमिनियमच्या नाही. पोलादी सुया कोरड्या कापडात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवा. घामट हातानं सुई सरकत नसेल तर थोडी पावडर लावा. कसर लागते ती खऱ्या लोकरीला. ॲक्रिलिकला आणि सुताला तिच्यापासून भीती नाही. गुंडा जमिनीवर लोळू नये म्हणून विणताना तो पातेल्यात ठेवा. आमच्याकडं या कामाला एक कान मोडलेलं पातेलं आहे.

आज्जीची जुनी सुई सापडली. चालेल का?

चालेल की! गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा, मग मऊ कापडानं पुसा. हुकाच्या आतल्या बाजूला खरखर राहिली तर धागा अडकतो, म्हणून तिथं जास्त वेळ द्या. फक्त ती सुई बहुधा बारीक दोऱ्याची असणार. ती पहिली धरू नका, सहा महिन्यांनी धरा.

मुलांना कितव्या वर्षी शिकवावं?

सात-आठ. त्याआधी नुसत्या बोटांनी साखळी घालायला द्या, सुईशिवाय. राखी होते.

विकून पैसे मिळतील?

मिळतील, पण हिशोब करून बघा. एका तोरणाला किती तास लागले ते भिंतीवरच्या कालदर्शिकेवर लिहित जा. विकून आलेल्या पैशातून लोकरीचे वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. आकडा बघून बऱ्याच जणी विकण्यापेक्षा भेट देणंच पसंत करतात. गिऱ्हाईक म्हणतं, बाजारात क्रोशाची लेस मीटरवर स्वस्त मिळते. ती क्रोशाची नसतेच. यंत्रावर वेगळ्या पद्धतीनं विणून तसा भास केलेला असतो. खरा क्रोशा आजही हातानंच होतो. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा, टाका दाखवून सांगा.

हातच्या कामाला मान मिळतच नाही असंही नाही. आंध्रातल्या नरसापूरकडं बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात, त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडं ही कला मिशनऱ्यांनी आणली. शब्दही परकाच आहे, फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे छोटा हूक. रुखवतात मांडून मांडून आपण तो कधीच घरचा केला.

किटमधले वीस छोटे गुंडे तसेच पडलेत. त्यांचं काय?

आता त्यांची पाळी. ग्रॅनी स्क्वेअर विणा, दर फेरीला नवा रंग. वीस चौकोन झाले की जोडून पाळण्यात घालायची दुपटी होते. फक्त रंग बदलला की दोन्ही टोकं त्याच फेरीत बोथट सुईनं टाक्यांमध्ये ओवून टाका, एकदा पुढं, एकदा उलट. शेवटी एकदम करू म्हणून ठेवू नका. वीस चौकोन, प्रत्येकात चार रंग, प्रत्येक रंगाची दोन टोकं, म्हणजे १६० झाली. मी एकदा तशी ठेवली होती. ज्या बारशासाठी ती दुपटी घेतली होती ते बाळ आता कॉलेजात जातं, आणि दुपटी अजून आमच्या ट्रंकेत आहे, टोकांसकट.